पाटी एका नावाची, पावती दुसऱ्याच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर्टमधल्या शंभरी ओलांडलेल्या एका इमारतीत, जिन्याखाली, आजोबांचा घड्याळदुरुस्तीचा गाळा होता. घरात भाडेपावत्यांचा गठ्ठा आहे, पण एकाही पावतीवर आजोबांचं नाव नाही. कुठल्याशा ‘स्टोअर्स’चं नाव आहे. मग आजोबांआधी त्या जागेत कोण होतं हे कसं शोधायचं? आणि काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलसारख्या इमारतींत कोण कोण येऊन गेलं, हे लोक कशाच्या आधारावर सांगतात?

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी फोर्टातच गेली. तुम्हाला जी अडचण वाटते आहे तोच खरा धागा आहे. पाटीवर एक नाव आणि पावतीवर दुसरं, हा घोळ मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या व्यापारी इमारतीत सापडतो, आणि दुकानं कशी बदलत गेली ते तिथेच कळतं. मालकांची नावं तर मालमत्ता पत्रकावर मिळतात. भाडेकरूंची मात्र शोधावी लागतात.

आधी वॉटसनबद्दल, कारण ती एकच इमारत नीट पाहिली तरी निम्मं उत्तर मिळतं.

जॉन वॉटसन हा मुळात कापडवाला होता. हॉटेलवाला म्हणून त्याचं नाव राहिलं, पण पैसा त्याने कापडावर कमावला होता. १८६२ नंतर फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि तटाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाचे मोकळे भूखंड विकायला निघाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा खेळू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला, पण घेतलेल्या भूखंडांवर इमारती तर उठायच्याच होत्या. वॉटसनची इमारत १८६० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या अवाढव्य लोखंडी छताच्या कामात त्याचा हात होता. सांगाड्याचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने इथे आले आणि जागेवर जोडले गेले. १८७१ मध्ये इथे हॉटेल सुरू झालं: पाच मजले, सुमारे १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताचा चौक आणि प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या बाजूने रुंद सज्जे. प्रवेश फक्त गोऱ्यांना.

जमशेटजी टाटांना इथे दारात अडवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. ती दंतकथा म्हणूनच सांगावी. १९०३ मध्ये ताज सुरू झालं आणि वॉटसनची रया गेली, एवढं मात्र खरं. मार्क ट्वेन १८९६ मध्ये इथे उतरला होता. खिडकीबाहेरच्या कावळ्यांवर त्याने जे लिहिलं ते आजही वाचावं असं आहे. त्याच वर्षी ७ जुलैला लुमिएर बंधूंच्या माणसाने, मारियस सेस्तियेने, इथे चलच्चित्रांचे खेळ केले. तिकीट एक रुपया. पुढच्याच आठवड्यात त्याने बस्तान नॉव्हेल्टी थिएटरात हलवलं. हे खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रण केलं. जागा आठवडाभरही हातात नसलेला एक खेळवाला आज इमारतीच्या इतिहासात पहिल्या ओळीत आहे, आणि चाळीस-चाळीस वर्षं दुकान चालवलेल्यांची नावं कुठेच नाहीत. मला याचं वाईट वाटतं. मी भाडेकरूंच्या मागे लागले ती त्यामुळेच.

आता कळीचा मुद्दा. हॉटेल बंद झाल्यावर इमारत हातोहात गेली. तिचं नाव महेंद्र मॅन्शन झालं, नंतर एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांचे आणखी तुकडे पडले आणि ते भाड्याने गेले. हे इतकं सहज का झालं, याचं कारण रचनेत आहे. लोखंडी सांगाड्यात भार खांब आणि तुळया घेतात. मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरावाच्या. त्यामुळे आडभिंत कुठेही घालता येते आणि कुठलीही काढता येते. शिवाय पाहुण्यांनी समुद्राची हवा खावी म्हणून बांधलेले सज्जे आयत्या वाटा झाले. प्रत्येक खोलीला सज्ज्यातून स्वतंत्र दार मिळालं की ती स्वतंत्र गाळा झाली. दगडी भिंतींची इमारत असती तर एवढे तुकडे पडलेच नसते. त्यात शेजारीच शहर दिवाणी व सत्र न्यायालय, म्हणून वरच्या मजल्यांवर वकिलांचे चेंबर भरले. वकील आले तसे टायपिस्ट आले, नोटरी आले, स्टेशनरी आली, पुढे झेरॉक्सवाले आले आणि तळमजल्यावर चहा-खाण्याची जागा झाली. २००५ च्या सुमारास इमारतीत दीडशेच्या घरात भाडेकरू होते. त्यांतली दोनतृतीयांश कार्यालयं आणि दुकानं, बाकीची कुटुंबं.

त्याच रांगेत, अगदी लागून, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबईची शाखा तिथे होती. लष्करी साहेब बुटापासून बिस्किटापर्यंत सगळं तिथे घेत. पुढे तळमजल्यावर वेस्टसाइडचं कपड्यांचं दुकान आलं. म्हणजे सव्वाशे वर्षांत फिरून कपडेच. ती इमारत आज ताठ उभी आहे आणि वॉटसन टेकूंवर आहे. हवा तीच, समुद्र तोच. एकीकडे जागा मोठ्या हातांत राहिली, दुसरीकडे दीडशे हातांत वाटली गेली. फरक पडला तो त्यामुळे.

डी. एन. रोडवरचं (दादाभाई नवरोजी रोडवरचं) माझं आवडतं उदाहरणही सांगते, कारण भाडेकरू बदलला की इमारतीचा अर्थच कसा बदलतो ते तिथे दिसतं. १९०५ च्या सुमाराची व्हाइटअवे लेडलॉची इमारत. विलायती कपड्यांचं हे बडं दुकान होतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तिथे खादी भांडार आलं. कमानी, दालन, जिना सगळं तेच राहिलं. ज्या फडताळांवर विलायती कापडाचे तागे असायचे तिथे हातसुताच्या खादीच्या घड्या लागल्या. बोरा बाजाराच्या बाजूने चालत आलात तर कमानीखाली दोन मिनिटं थांबा आणि वर बघा.

आता तुमच्या पावतीकडे येऊ. मुंबईतल्या गाळ्यांचा इतिहास बराचसा भाडेकायद्याने लिहिला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. त्यालाच प्रमाण भाडं म्हणत. महागाई वाढत गेली, पावतीवरचा आकडा तिथेच राहिला. त्यामुळे जागा सोडणं हा वेडेपणा ठरला. धंदा बसला तरी कुणी जागा मालकाला परत करेना, दुसऱ्याला देऊ लागला. त्याचे पैसे म्हणजे पागडी. मालकालाही त्यात हिस्सा, रिवाजाने साधारण तिसरा. पण त्या कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा होता. म्हणून कागदावर काय लिहायचे? ‘फर्निचर, फिटिंग्ज आणि गुडविलची विक्री.’ तुमच्या घरी जुना ट्रंक असेल तर असा कागद शोधा. काउंटर, दोन कपाटं, एक पंखा, आणि किंमत एवढी की त्यात तेव्हा घर आलं असतं. असा कागद मिळाला की त्या तारखेला गाळा हातातून हातात गेला असं निःशंक समजायचं.

दुसरी वाट भागीदारीची. पावती जुन्या ‘स्टोअर्स’च्या नावावर ठेवायची आणि नवा माणूस त्या पेढीत भागीदार म्हणून घ्यायचा. काही वर्षांनी जुना भागीदार निवृत्त. पाटी बदलली, धंदा बदलला, माणसं बदलली, पावती तीच. तिसरी वाट पोटभाडेकरूची. जिन्याखालच्या, व्हरांड्यातल्या, भिंतीतल्या कोनाड्यातल्या जागा बहुधा याच वाटेने गेल्या. आजोबांचा गाळा जिन्याखालचा होता म्हणता, म्हणून माझा कल या तिसऱ्या वाटेकडे आहे. ते ‘स्टोअर्स’ म्हणजे शेजारचं मोठं दुकान असणार, आणि त्याच्या जागेतला एक तुकडा आजोबांकडे असणार.

इथे दोन तारखा पाठ करून ठेवा. २१ मे १९५९ पूर्वीच्या पोटभाडेकरूंना कायद्याने मान्यता मिळाली. मग १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे ‘लायसन्स’वर, म्हणजे भाडेकरारावर नव्हे तर नुसत्या वापराच्या परवानगीवर, प्रत्यक्ष जागेत होते, ते भाडेकरू मानले गेले. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या या तारखा आहेत. जुन्या इमारतीत भाडेकरूंची यादी केली की याच दोन वर्षांच्या आसपास नव्या नावांची दाटी दिसते, कारण आतापर्यंत लपून असलेल्यांना एकदम नाव मिळालं. आजोबांनी त्या काळात कुठला अर्ज केला होता का, वकिलाची नोटीस आली होती का, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. मोठ्यांना सन आठवत नाही, पण ‘तेव्हा कोर्टात जावं लागलं होतं’ एवढं बरोबर आठवतं.

तिसरी तारीख ३१ मार्च २०००. त्या दिवसापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली, दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ आली, आणि बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, तसंच १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण गेलं. याचा फोर्टावर झालेला परिणाम पुरेसा सांगितला जात नाही. मोठ्या नावांना बाजारभावाचं भाडं द्यावं लागलं किंवा जागा सोडावी लागली. छोटे टिकले. म्हणून आज कमानींतून चालताना बँकेच्या जुन्या शाखेच्या जागी कॉफीचं दुकान दिसतं आणि त्याच्याच बाजूला पेनदुरुस्तीवाला जिथल्या तिथे असतो.

कागदाइतकाच दुकानाचा देहही बोलतो. काही वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका इमारतीत (वॉटसनमध्ये नव्हे) तळमजल्याचा एक गाळा उघडायचा होता. आत झेरॉक्सचं दुकान. मशीन ज्यावर ठेवलं होतं ते टेबल सनमायकाने मढवलेलं. कड उचकटली तर खाली सागवानी काउंटर निघालं, आणि त्याच्या पुढच्या कडेत ठराविक अंतरावर ठोकलेल्या बारीक पितळी खुणा. मी टेप लावली. बरोबर एक वार, मग अर्धा, मग पाव. कापड मोजायचं काउंटर. कापडवाला गेला, त्याच्यानंतर स्टेशनरी आली, मग झेरॉक्स, पण प्रत्येक वेळी काउंटर ‘फर्निचर-फिटिंग्ज’मध्ये मोजलं गेलं म्हणून जागेवरच राहिलं. मग खांबाभोवतीची प्लायवूडची पेटी काढली. ओतीव लोखंडाच्या खांबावर तेलरंगाचे सहा थर: वर पांढरा, खाली गुलाबी, दोन हिरवे, मग मलई, शेवटी गडद तपकिरी. शटर बसवायला कुणीतरी खांबालाच चार भोकं पाडली होती. त्या भोकांशी जुळणारी चीर खाली फूटभर गेली होती.

त्या चिरेपाशी मी थांबते, कारण भाडेकरूंचा इतिहास आणि इमारतीची तब्येत तिथे एकत्र येतात. ओतीव लोखंड दाब सोसतं, ताण सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतं. त्याला भोक पाडणं, त्याच्यावर पोटमाळा टांगणं, त्याच्या शेजारी न्हाणीघर काढून पाणी मुरू देणं हे सगळं हळूहळू साठत जातं. घडीव लोखंडाची तुळई गंजली की गंज फुगतो आणि भोवतालची वीट फोडतो. वकिलांच्या चेंबरात तर कागदांचा भार असतो. छतापर्यंत रचलेले फायलींचे गठ्ठे हॉटेलच्या पलंगा-कपाटापेक्षा कितीतरी जड, आणि लाकडी जमीन पाहुण्यांसाठी केलेली.

वॉटसनचं हेच झालं. जागतिक स्मारक निधीच्या २००६ च्या धोक्यातल्या शंभर स्थळांच्या यादीत तिचं नाव आलं, आणि ही यादी आदल्या वर्षीच जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै २००५ मध्ये, दर्शनी सज्ज्यांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस होती, जतन करणाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. मी विरोध करणाऱ्यांत होते आणि आजही आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा दुरुस्त करता येतो. सुटा भाग काढून नवा ओतून बसवता येतो, कारण तो मुळातच सुट्या भागांचा आहे. पण दुरुस्ती म्हटलं की भाडेकरू परत येणार का, कुठल्या गाळ्यात, कुठल्या भाड्याने, हे आधी लिहून द्यावं लागतं. नाहीतर कुणी जागा सोडत नाही. त्यांना दोष देऊ नये. फोर्टात एकदा सोडलेली जागा परत मिळाल्याची उदाहरणं फारशी नाहीत.

भाडेकरूंनीच इमारती खाल्ल्या, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. प्रमाण भाड्यात मालकाला रंगसुद्धा लावणं परवडत नव्हतं, म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. तेव्हा अशा इमारती होत्या १९,६४२. एवढ्यांची डागडुजी एका मंडळाने करायची होती. १९९५ ची वारसा नियमावली आल्यावर इमारतींना श्रेणी मिळाल्या. वॉटसन दोन-अ मध्ये आहे. पण श्रेणी मिळते ती इमारतीला, आतल्या दुकानाला नाही. दर्शनी नक्षीला हात लावायचा तर परवानगी लागते. ऐंशी वर्षांचं शिंप्याचं दुकान बंद करून तिथे मोबाइलची कव्हरं विकायची असतील तर वारसा समितीला काही म्हणायचं नसतं. डी. एन. रोडवर मात्र दुकानदारांच्याच सहभागाने पाट्या पुन्हा कमानीच्या आत, मापात बसवल्या गेल्या आणि झाकलेली नक्षी मोकळी झाली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत त्या कामाची दखल घेतली गेली. भाडेकरूला बरोबर घेतलं की काय होतं, ते तिथे जाऊन बघा.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. सुरुवात इमारतीच्या सी.एस. नंबरापासून, म्हणजे सिटी सर्व्हे (नगर भूमापन) क्रमांकापासून, करा. मालमत्ता पत्रकावर तो मिळेल, आणि तो असला की बाकीची दारं उघडतात. मग महापालिकेच्या करनिर्धारण विभागातल्या जुन्या नोंदी. तिथे गाळावार भोगवटादाराचं नाव आणि वापर असतो. अर्ज करावा लागतो, दोन-तीन फेऱ्या होतात, पण मिळतं. आजोबांचा गुमास्ता परवाना होता का बघा. त्यावर धंद्याचं आणि माणसाचं खरं नाव असतं, पावतीवर नसलं तरी. विजेचं जुनं बिल मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण मीटर बहुधा प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या नावावर घेतलेलं असे.

स्वातंत्र्यापूर्वीच्या काळासाठी टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी आणि थॅकरची डिरेक्टरी. वर्षावर्षाचे खंड असतात आणि रस्त्यावार नोंदीही सापडतात. एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात चौकशी करा. पाच-पाच वर्षांच्या अंतराने खंड मागवा आणि फक्त तुमच्या इमारतीची नोंद उतरवून घ्या. दोन दिवसांत चाळीस वर्षांचे भाडेकरू तुमच्या वहीत असतील. महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, वॉटसनपासून चार पावलांवर. जमिनीच्या आणि भाडेपट्ट्यांच्या जुन्या फायली तिथे आहेत. काळा घोडा परिसरावर काम करणाऱ्यांना एवढी जवळची सोय दुसरीकडे नाही.

आणि आजूबाजूच्या दुकानदारांशी बोला. आजोबांच्या गाळ्याशेजारचं एखादं दुकान तरी अजून त्याच घराण्याकडे असेल. ‘इथे आधी कोण होतं?’ असं विचारू नका, लोक कायद्याच्या भीतीने गप्प बसतात. ‘माझे आजोबा इथे घड्याळं दुरुस्त करायचे’ असं सांगा आणि थांबा. एका पारशी बाईंनी मला असंच बसवून, खुर्चीवरून न उठता, समोरच्या चार गाळ्यांची साठ वर्षांची वंशावळ सांगितली होती. नंतर डिरेक्टरीत पडताळलं. एक नाव सोडून सगळी बरोबर निघाली, आणि त्या एका नावातही डिरेक्टरीतच छपाईची चूक होती.

शेवटचं, पावत्यांच्या गठ्ठ्याबद्दल. त्यांना लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, टाचण्या मात्र अलगद काढा, कारण त्यांचा गंज कागद खातो. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागची बाजू कोरी वाटली तरी सोडू नका. महसुली तिकिटावरची सही कुणाची आहे ते मोठं करून बघा. ‘स्टोअर्स’च्या नावाची पावती आणि मागे आजोबांच्या अक्षरात ‘भाडं पोचतं केलं’ असं एकदा जरी लिहिलेलं सापडलं, तरी तो गाळा कोण चालवत होतं याचा कागद तुमच्या घरातच आहे.